आत फक्त पेशंट

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. ग्वाल्हेरात थाटीपुरला आमच्या गच्चीवर हिवाळ्यात सकाळचं ऊन चांगलं येतं. ती दाणे परातीत टाकत होती, मी निम्मे तोंडात.

"अहो, भाजीला ठेवा काही. पोटात काय चूल मांडलीय?"

एवढंच बोलणं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, पण आता तेच आठवतं, म्हणून तिथूनच लिहितो. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

शेजारच्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे, मधे कमरेएवढी भिंत. तिथली सून कपडे वाळत घालायला आली. नवीन लग्न, माहेर भिंडकडचं, नवरा कुठल्याशा ऑफिसात. ओली चादर ती एका हातानं दोरीवर टाकत होती, दुसरा हात पोटाशी धरलेला.

"हाथ को क्या हुआ, बेटा?" हिनं विचारलं.

"सीढ़ी से फिसल गई, काकी."

खालून नवऱ्यानं हाक मारली. पोरीनं आधी जिन्याकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि मग "आती हूँ" म्हणाली. ही उठून भिंतीपाशी गेली. जिन्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"कल सुबह चाय पीने आ जाना. वो ऑफिस निकल जाएँ तब. फिर दोनों जाके डॉक्टर को हाथ दिखा आएँगे."

पोरीनं मान हलवली आणि गेली. ही परत येऊन बसली. शेंग हातात घेतली, पण सोलली नाही.

"पडलेल्या माणसाचा तळवा खरचटतो," ती म्हणाली. "हिच्या मनगटावर बोटं उठलीत."

"मग आजच का नेत नाहीस?"

"आज तो घरी आहे. आणि आज ती खोटं बोलली. उद्या कदाचित खरं बोलेल. मी घाई केली तर उद्या येणारच नाही."

दुपारी जेवून ही आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्हाला मूलबाळ नाही, कोणाची वाट बघायची नव्हती. सूर्य मावळायच्या आत मीच अग्नी दिला.

ही नर्स होती. मुरारला एका डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना आहे, तिथं ती सिस्टर, आणि दवाखान्याच्या दाराशी माझी चहाची गुमटी, म्हणजे टपरी. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, तलवारी गाजवल्या, असं घरात सांगायचे. मी आलं कुटलं. हिच्या वडिलांनी मला पसंत केलं ते मी दारू पीत नव्हतो म्हणून. बाकी माझ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, असं ही शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायची, मी समोर बसलेलो असताना.

ते दिवस चांगले होते. सकाळी दोघं एका सायकलवर निघायचो, ही मागं, मांडीवर डबा. गुमटी उघडून पहिला कप मी आत नेऊन द्यायचो. ती उभ्यानं प्यायची आणि म्हणायची, "साखर कमी." दुसऱ्या दिवशी कमी टाकली की म्हणायची, "आज काय साखर संपली?" आता मी एकट्यापुरता चहा करतो. साखरेबद्दल कोणी बोलत नाही.

दवाखान्यात मार खाल्लेल्या बायका यायच्या. हिला मारलंय असं कोणी सांगत नसे. ताप म्हणायचे, चक्कर म्हणायचे, कानातून पाणी येतं म्हणायचे. ही आधी बाईचं बोलणं ऐकायची, मग जखम बघायची, आणि दोन्ही जुळत नसेल तर गप्प व्हायची. मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या त्या भट्टीत, एक बाई पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आली होती. नवरा म्हणाला, "इसको ठंड लगती है." ही बाहेर येऊन मला म्हणाली, "अहो, मला पण थंडी वाजायला लागली त्याला बघून."

अडचण एकच, नवरा हटायचा नाही. डॉक्टरीणबाई बाईला विचारणार आणि उत्तर तो देणार. कुठं दुखतं? "पेट में." किती दिवस? "कल से." बाई नुसती त्याच्या तोंडाकडं बघायची. तिला एकटीला विचारल्याशिवाय काही कळणार नव्हतं, आणि त्याच्यासमोर विचारणं म्हणजे घरी गेल्यावर तिची हाडं मोडायची सोय करणं.

यावर आम्ही आमचा उपाय काढला. ही दारातून मला मराठीत सांगायची आणि नवऱ्याला हिंदीत. नवऱ्याला सांगायची, "भैया, इनको चक्कर आ रहा है, बाहर से मीठी चाय ले आइए." आणि मला, "अहो, याला लवकर सोडू नका." झालं. मग माझा स्टोव्ह भडकायचा, दूध नासायचं, आलं सापडायचं नाही. कधी मी त्याच्याशी सरकारबद्दल बोलायचो. कोणीही माणूस सरकारबद्दल बोलायला थांबतोच. तेवढ्यात आत डॉक्टरीणबाई सरळ विचारायच्या, "घर में कोई हाथ उठाता है?" बऱ्याच जणी नाही म्हणायच्या. काही रडायच्या. एक हसली होती आणि म्हणाली होती, हे पहिल्यांदाच कोणी विचारलं.

सुरुवातीला ही तावातावानं बोलायची, "मग राहतेस कशाला त्याच्याजवळ?" डॉक्टरीणबाईंनी तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, हा प्रश्न तिला सगळं गाव विचारतं. आपण नको." तेव्हापासून हिनं तो विचारला नाही. मग ती विचारायची, आज घरी जायला भीती वाटते का, रात्री पळावं लागलं तर कोणाकडं जाशील. आणि जखम कुठं, केवढी, कोणत्या रंगाची, ते डॉक्टरीणबाई नीट लिहून ठेवायच्या. पुढं कोर्टात लागलं तर.

मराठीचा हा डाव बरीच वर्षं चालला. आपल्या लोकांत एक खोड आहे. या शहरात रस्त्यावर सगळे हिंदी बोलतात, म्हणून आपल्याला वाटतं की मराठी म्हणजे आपल्या घराची आतली खोली, तिथं बाहेरचा कोणी येत नाही. समोरचा पण आपल्यासारखाच घराबाहेर हिंदी बोलत असेल, हे डोक्यातच येत नाही.

एक दिवस एक माणूस बायकोला घेऊन आला. चांगला उंच, मिशी पिळलेली, हिंदी एकदम भिंड-मुरैनाची. हिनं त्याला चहाला पाठवलं आणि मागून मला ओरडून सांगितलं, "अहो, याला अडकवून ठेवा, हिच्याशी बोलायचंय."

तो जागीच थांबला. वळला आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत म्हणाला, "कशाला अडकवताय, सिस्टर? मी चोर आहे का?"

मी आलं कुटत होतो, ते कुटतच राहिलो. तो आत गेला, बायकोला दंडाला धरून बाहेर आणलं. चपला घालताना तिनं हिच्याकडं बघितलं नाही. जाताना तो मला म्हणाला, "चहा चांगला असतो म्हणतात तुमचा. पुन्हा येऊ."

त्या दिवशी ही जेवली नाही. "आता तो घरी जाऊन तिला विचारणार, आत काय सांगितलंस म्हणून. आणि तिनं काही सांगितलं नव्हतं हो. तिला बोलायला वेळच कुठं मिळाला?"

मी म्हटलं, "झालं ते झालं." ती म्हणाली, "तुमचं झालं. तिचं आत्ता सुरू झालं असेल."

माणूस मराठी होता हेच आम्हाला नडलं, आणि त्याच गोष्टीनं वाट पण काढून दिली. चौकशी केली तर घर ओळखीतल्यांच्या ओळखीतलं निघालं. संक्रांत जवळ आली होती. हिनं हळदीकुंकू ठेवलं आणि मुरारमधल्या सगळ्या मराठी बायकांना बोलावलं, त्या घरी सासूला स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आली. मराठ्याच्या घरातली सून हळदीकुंकवाला नाही पाठवली तर चार घरांत बोलणं होतं. दवाखान्याला तो नाही म्हणू शकला असता, याला कसं म्हणेल? आणि हळदीकुंकवाला नवरा बरोबर येत नाही.

मला हिनं घराबाहेर काढलं. मी कोपऱ्यावर उभा राहून बघत होतो. ती आली, सासूबरोबर. डॉक्टरीणबाई पण आल्या, पैठणी नेसून, मी त्यांना पहिल्यांदा पांढऱ्या कोटाशिवाय बघितलं. नंतर हिनं सांगितलं, सासूला बायकांनी उखाण्यात गुंतवलं आणि सुनेला तिळगूळ भरायला म्हणून स्वयंपाकघरात नेलं. तिथं ती बोलली. ओट्याशी उभी राहून, हातात वाटी धरून, सगळं बोलली. त्या वेळी लगेच काही झालं नाही. पुढच्या वर्षी ती भावाकडं झाशीला निघून गेली. एवढे दिवस का थांबली, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी डाव बंद केला आणि नियम लावला. दारावर पाटी, आत फक्त पेशंट. बाई असो की पुरुष, नवरी असो की आजी, आधी सगळ्यांना एकटं बघणार. सगळ्यांना म्हटल्यावर कोणाला संशय नाही. नवरे माझ्या बाकावर बसून कुरकुर करायचे आणि चहा प्यायचे. माझा धंदा वाढला. ही म्हणायची, "बायकांच्या दुःखावर तुमची साखर विकली जाते." आणि मग स्वतःच पहिला कप मागायची.

आता दुसऱ्या दिवसाचं लिहितो.

घरात बायका बसलेल्या. तिला ठेवलं होतं तिथं दिवा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी आणून देतात. शेजारची ती पोर किटलीत चहा घेऊन आली, हात शालीखाली. माझ्यासमोर कप ठेवला आणि हळूच म्हणाली, "काकी ने बुलाया था."

मी विसरलो होतो. पार विसरलो होतो. आणि मी पुरुष, तिला काय विचारणार? "बैठ," म्हटलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. त्या आता म्हाताऱ्या झाल्यात, काठी घेऊन चालतात. मी त्यांना मराठीत काही म्हटलं नाही. बाजूला नेऊन, कानात सांगितलं.

मग आतली खोली रिकामी केली. माझ्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, भेटायला आलेल्या बायकांना असं उठवतात का?"

"उठवतात," म्हटलं. दोघींना आत घातलं, दार लोटलं आणि बाहेर बसलो.

पोरीचा नवरा आला. "काका, वो अंदर है क्या? घर पे काम पड़ा है."

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथं लिहीत नाही. पण ही म्हणायची, बाहेर तुम्ही जे बोलाल त्याची भरपाई ती घरी जाऊन करेल.

"गमी का घर है, बेटा. औरतें बैठी हैं," म्हटलं. "तू भी बैठ. तेरी काकी तुझे बहुत मानती थी."

खोटं होतं. तो बसला. सगळ्या म्हाताऱ्या पुरुषांमधे मान खाली घालून बसला, चहा प्याला, घड्याळ बघितलं, आणि ऑफिसला उशीर होतो म्हणून हात जोडून निघून गेला.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनगटाचा फोटो काढावा लागेल, मोडलं असावं. सरकारी दवाखान्यात अशा बायकांसाठी वेगळी खोली आहे, तिथं एक बाई बसते, तिच्याशी हिला बोलायचंय. पोलिसात आज जायचं नाही म्हणते. ठीक आहे, ती म्हणेल तसं. भिंडला बहिणीला फोन केलाय."

पोर माझ्याकडं बघत होती. "काका, आप चलेंगे?"

वहिनी मधे पडल्या. "भावजी, सुतक आहे. ज्यानं अग्नी दिला त्यानं उंबरा ओलांडायचा नसतो. तिच्या आत्म्याचा तरी विचार करा."

"सुतक मला आहे," म्हटलं. "पोरीच्या हाताला नाही."

मी चपला घातल्या. डॉक्टरीणबाईंच्या गाडीत पुढं बसलो, त्या दोघी मागं. सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या दारावरच्या माणसानं माझं मुंडलेलं डोकं बघितलं आणि विचारलं, "आप इनके कौन?"

"पड़ोसी," म्हटलं.

"अंदर आएँगे साथ में?"

"नहीं. इसको अकेले जाने दो."

ती आत गेली. मी बाकावर बसलो आणि तिथं, भरल्या गर्दीत, आदल्या दिवसापासून पहिल्यांदा रडलो.