तुतीचा पाला

गाम-लिनने मेलेला गवत्या मासा चिरला आणि आतडं बोटावर घेतलं. ते ओल्या कागदासारखं फाटलं.

"बघ ताई, अंड्यात घालून वाफवायच्याही लायकीचं नाही," ती उसनं हसत म्हणाली.

शेजारच्या तळ्याची सौ-हिंग बांधावर मान खाली घालून उभी होती. दक्षिण चीनमधल्या चोंगशानच्या या तळ्यांत विक्रीआधी काही महिने माशांना नुसत्या भिजवलेल्या बाकला नावाच्या घेवड्याच्या बिया घालतात. मांस कुरकुरीत होतं, भाव चढतो, पण आतडं सुजतं. सौ-हिंग त्या बियांत तुतीचा पाला चिरून मिसळायची. पाल्यातले फ्लेवोनॉइड आतडं सांभाळतात, असं तिला मत्स्यकेंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं. माशांना काय घालतेस, असं गाम-लिनने विचारलं, तेव्हा मात्र ती म्हणाली होती, "तुझ्यासारख्याच गं, नुसत्या बिया." बाजारात आपलंच नाव राहावं, एवढाच लोभ.

"माझ्या हातालाच यश नाही," गाम-लिन म्हणाली. "नव्या वर्षापासून हे तळं तूच घे. तुझ्याकडे मासे जगतात."

"हात कसला गं! मी पाला घालते. तुतीचा. पहिल्यापासून."

"मी विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

गाम-लिन तरंगणाऱ्या माशांकडे बघत राहिली. "उरलेत ते वाचतील?"

"ठाऊक नाही."

"मग उभी काय राहिलीस? जा, घेऊन ये. आणि टाकून निघून जा. आज मला तुझं तोंड बघवणार नाही."

सौ-हिंग गेली. खरं बोलल्यावर तरी हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पाला ओरबाडताना तसं वाटलं नाही.