वासनिक मावशींचा कमजोर पंप

वासनिक मावशी दारात आलेल्या माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी त्याच्या स्कूटरचा टायर दाबून बघत. मी बदलीवर रायपूरला आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा मी नमस्कार म्हणायच्या आत त्या वाकल्या, अंगठ्याने टायर चाचपला आणि म्हणाल्या, "काहून रे, एवढ्या कमी हवेत कसा फिरून राहिला तू?" मी साताऱ्याचा. आमच्याकडे ओळखीची सुरुवात टायरपासून होत नाही. मला बाई तिथल्या तिथे आवडल्या.

रेल्वेच्या मालडब्यांचे ब्रेक तपासण्यात मावशींची सगळी नोकरी गेली होती. ब्रेकच्या नळीत हवेचा दाब पुरता भरल्याशिवाय मालगाडी सोडायची नाही, हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीनंतर घराला लावला. नळाची धार असो की कुकरची शिट्टी, त्यांना सगळं जोरकस लागे. "दाब कमी म्हणजे भरोसा कमी," असं त्या येताजाता ऐकवत. चहा मात्र पांचट करत, आणि ते कुणी बोलून दाखवलेलं त्यांना खपत नसे.

अंगणात त्यांच्या गेलेल्या यजमानांची जीप उभी होती. इंजिन कायमचं बसलेलं. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाने, सुमितने, गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. आईने या वयात जीप चालवावी हे त्याला मान्य नव्हतं. फोनवर मावशी मराठीत भांडत आणि तो हिंदीत उत्तरं देई. शेवटी तोड निघाली. तो सुटीवर येईल त्या रविवारी मावशींनी त्याला जीपमधून अभनपूरला, आपल्या बहिणीकडे, घेऊन जायचं. वाटेत बंद पडली तर जीप विकायची.

"यांच्या बाजूले बसूनच मी गाडी शिकली," मावशी मला म्हणाल्या. "ते इकून मी काय करू, सांग बरं?"

त्यांनी एका जुन्या कारचं कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन मिळवून मिस्त्रीकडून जीपमध्ये बसवून घेतलं. पण त्या इंजिनाच्या अंगावरचा पेट्रोल पंप जीपच्या सांगाड्याला अडू लागला. तो काढून विजेवर चालणारा पंप टाकीजवळ लावायचं ठरलं. स्पेअर पार्टच्या दुकानात मावशींनी ऐटीत सांगितलं, "भैया, सबसे तगड़ा वाला देना." त्याने इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांचा, जबर दाबाचा पंप काढून दिला.

किल्ली फिरवली, पंप घोंगावला, आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल भळाभळा वाहू लागलं. मावशींनी झटकन किल्ली बंद केली आणि वास जाईपर्यंत मला अंगणातला दिवासुद्धा लावू दिला नाही. आत कचरा अडकला असेल म्हणून त्यांनी कार्बोरेटर धुऊन परत बसवला. पुन्हा तोच प्रकार. रविवार तोंडावर आलेला. "जाऊ दे, नशिबातच नाही वाटते," त्या म्हणाल्या. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला चहाला बोलावलं. समोर परातीत कार्बोरेटर उघडा पडलेला. पेट्रोल पुरेसं भरलं की आतला तरंगता गोळा वर येतो आणि एक इवलीशी सुई पेट्रोलची वाट बंद करते. मावशी ती सुई बोटाच्या टोकाने वर ढकलत होत्या, सोडत होत्या. एकाएकी त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून.

"अरे बाप्पा! हे एवढीशी पोट्टी, अन् मी तिच्यावर मालगाडीचा दाब सोडून राहिली! ते बिचारी कशी थांबवन?"

आम्ही लगेच दुकान गाठलं. "भैया, अब सबसे कमज़ोर वाला दे दो," मावशी म्हणाल्या. दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याने कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीचा, अगदी कमी दाबाचा पंप दिला. तो त्यांनी मोठ्या नाखुशीने हातात तोलून पाहिला. बसवल्यावर तो नुसता टकटक करायचा. पेट्रोलचा एक थेंब सांडला नाही, आणि इंजिन सुरू झालं.

रविवारी सुमित पुढे बसला, मी मागे. मावशींनी मुद्दाम सदर बाजारातून जीप घातली. गर्दीत दुचाक्या आरशाला घासून जात होत्या, सुमितने समोरचा दांडा घट्ट धरला होता, आणि तो सारखा म्हणत होता, "मम्मी, धीरे." थांबून थांबून इंजिन तापलं, पण बंद पडलं नाही. गाव मागे पडल्यावर मावशींनी वेग धरला. त्यांच्या चेहऱ्यावर अशी खुशी होती की मीही उगाचच हसत होतो. हळूहळू सुमितने दांडा सोडला, हात मांडीवर ठेवला.

अभनपूर जवळ आलं तेव्हा त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. आज गाडी बघायला येऊ का, विचारत होतं. मावशींनी मान वळवली नाही, पण त्यांचे हात स्टीअरिंगवर आवळलेले मला मागून दिसले.

सुमितने आईकडे पाहिलं. "नहीं भैया," तो म्हणाला, "गाड़ी तो मम्मी चला रही हैं."