कठड्यावरचं घोंगडं

आज अण्णांचं, माझ्या वडिलांचं, जुनं घोंगडं उन्हात टाकलं. त्याला मेंढरांचा वास आला आणि मी परभणीत, कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर जाऊन पोचले.

त्या सीझनला माझा एकही बॉल रिंगमध्ये जाईना. कठड्यावर बसलेल्यांचा वाद मला मैदानात ऐकू येत होता.

“हिचा हात गेला. बसवा आता.”

“लय घाबरायलीय. पुढच्या वर्षी बघा खेळ.”

“कशाचं पुढचं वर्ष?”

कुणीतरी शेजारी घोंगडं पांघरून बसलेल्या माणसाला विचारलं, “मामा, तुमाला काय वाटतं?”

“मला त्यातलं काय कळत न्हाई,” अण्णा म्हणाले. “पोरगी हाय माझी. खेळ झाला की सोनपेठला घरी न्यायचीय.”

तेव्हा मी त्या घोंगड्याच्या लाजेनं मान खाली घातली होती. आज घोंगडं छातीशी धरलं आणि जीव निवला. बॉल पडो न पडो, मला न्यायला माणूस आला होता.