सव्वा तासाचं विमान

हैदराबाद ते कोल्हापूर विमानाला सव्वा तास लागतो. हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. हे मी मोबाईलवर स्वतः बघून ठेवलंय, कारण तिकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने मला ते कधी धड सांगितलं नाही.

आई उचगावच्या घरात न्हाणीत पडली आणि तिचा खुबा मोडला, तेव्हा मी त्याला फोन केला. त्याने लगेच हिशोब मांडला. घरापासून विमानतळ दीड तास, दोन तास आधी पोचायचं, मग तपासणीची रांग, येताना-जाताना सगळं डबल. "म्हणजे दोन दिवस गेलेच गं," म्हणाला. आला नाही. मोतीबिंदूच्या वेळीही हेच ऐकवलं. मी मंगळवार पेठेतून रोज स्कूटीवरून उचगावला जायचे, आईला आंघोळ घालायचे, डबा ठेवून कामावर पळायचे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या हिशोबाबद्दल आहे, आणि ती जन्मभर राहील.

वडिलांच्या माघारी घरावर आम्हा तिघांची नावं लागली होती. माझं नाव काढायचं ठरलं. बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि भावाने साडी-चोळी करायची, ही आमच्याकडची रीत. आईनेही धोशा लावला, "सही करून टाक की. म्या गेल्यावर म्हायाराला कोण हाय तुला?"

या वेळी भावाचं गणित भलतंच सोपं झालं. "सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. सकाळी येतो, दुपारच्या विमानाने परत."

नोंदणी कचेरीत तो माझ्या आधी येऊन उभा होता. विमानतळावरून उचगाव हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून विचारलं, "आईला भेटलास?"

"वेळ कुठाय? हे उरकलं की निघायचंय." आणि साडीची पिशवी माझ्या हातात कोंबली. साडीवरची किंमत तेवढी खरवडली होती.

खोटं कशाला सांगू, मी सही करायचं ठरवूनच गेले होते. आमचा नंबर लागला. साहेब सगळ्यांना विचारतात तसं मान खाली घालून त्यांनी मलाही विचारलं, "ताई, राजीखुशीनं सोडताय न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. भाऊ आधी हसला, मग त्याचा चेहरा लालबुंद झाला. "नाटकं करू नकोस, माझं विमान चुकेल."

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. लाज वाटली नाही. बरं वाटलं.

तिथून थेट उचगावला गेले. आईने वॉकरला टेकून पुरणाच्या पोळ्या लाटल्या होत्या. टेबलावर दोन ताटं मांडली होती, एक तिचं, एक त्याचं. मी घडलेलं सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू सही केली असतीस तर दोन घास खायाला आला असता की त्यो."

भावाचा कधी आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी आईचा आला. मी हातपाय न धुता त्याच्या ताटावर बसले आणि त्याच्यासाठी काढलेल्या तिन्ही पोळ्या तिच्यादेखत खाल्ल्या. भूक अजिबात नव्हती.