केवलरामची वर्दी

भिलाईत लोखंडाचा रस वाहायला अजून वेळ होता. तेव्हा तिथं नुसती माती उडत होती. गावं उठली होती, बांध पुसले गेले होते, आणि जिथं भट्टी उभी राहायची तिथं तळ्याएवढा खड्डा पडला होता. भंडाऱ्याकडची माणसं सकाळी त्या खड्ड्यात उतरत आणि दिवस कलला की लाल होऊन वर येत. त्या सगळ्यांत घोडीवर बसून कामाला जाणारा एकटा केवलराम.

कुरुदच्या अंगाला एका शेठनं गाई-म्हशी पाळल्या होत्या. कामगारांच्या कॅम्पाला तिथूनच दूध जाई. लोक त्या जागेला फारम म्हणत. रान मोकळं, कुंपण नाही, आणि चहूबाजूंनी खोदकाम. पायी माणूस तिथं गुरांना पुरा पडत नाही, म्हणून शेठनं एक तांबडी घोडी घेतली आणि तिच्यावर केवलरामला बसवलं. त्याचा बाप तुमसरकडच्या बाजारांत तट्टावर मीठ-मिरची नेऊन विकत असे. चालायच्या आधी केवलराम बसायला शिकला होता. शेठनं त्याला खाकी वर्दी दिली, पितळी बटनांची. ती तो धुवायलासुद्धा नाखुशीनंच काढी. खड्ड्यातली माणसं त्याला ‘बिनबंदुकीचा फौजदार’ म्हणत. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण पाठ आणखी ताठ होई.

घोडीवरचं काम दिसायला राजाचं आणि करायला गाढवाचं. सुरुंगाचा भोंगा वाजला की गाई शेपट्या वर करून उधळत आणि जमीन फाटल्यासारखा आवाज होईतो कुठल्या कुठे जात. एक म्हैस ताज्या चारीत पडली. तिला क्रेनच्या साखळीनं वर काढावं लागलं. एकदा डंपरनं हॉर्न दिला, घोडी बिचकली आणि सरळ ओल्या काँक्रीटमधून पळाली. रशियन इंजिनीअर आपल्या भाषेत काय काय ओरडला. केवलरामनं घोडीवरूनच त्याला सलाम ठोकला. टापांचे ठसे तिथंच सुकले.

हे सगळं त्यानं सोसलं. पण त्या उन्हाळ्यात गाई नाहीशा होऊ लागल्या.

दुपारी रानात चरणाऱ्या गाईंतल्या काही गाई कमी भरत. केवलराम घोडी दमवून सारं रान पालथं घाली, आणि दिवस मावळता समारू राऊत त्या गाई हाकत घेऊन येई. समारू दूध काढायला ठेवलेला छत्तीसगढी माणूस, उंच, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर. “मिल गे साहब,” एवढंच म्हणे. तोवर धारेची वेळ टळलेली असे आणि कॅम्पात दूध कमी पडे.

मॅनेजर श्यामराव नागपूरचे. त्यांनी एके दिवशी केवलरामला ऑफिसच्या पायरीशी थांबवलं. “केवलराम, गुरं पायी माणसालाच सापडत असतील, तर घोडी कशाला पोसायची? शेठ विचारत होते.”

केवलरामनं पायरीखाली उभ्या घोडीकडे पाहिलं. घोडी गेली की वर्दी गेली, आणि वर्दी गेली की हातात घमेलं.

त्या दिवसापासून त्याची नजर समारूवरून हलेना. समारू गाईंच्या कानाशी तोंड नेऊन काही पुटपुटे. त्याच्या कमरेला एक पुरचुंडी असे. केवलराम दिसला की तो ती धोतराच्या आत सारी. दुपारी सगळे सावलीला बसत तेव्हा हा उठून सपाट केलेल्या मैदानाकडे चालू लागे.

“अवो, हा मानूस साधा नाही,” केवलराम बायकोला, गयाबाईला म्हणाला. “लपवते हाच अन् आनते हाच. नाव माहं खराब करून राहिला.”

“गाय काय सुपारी हाय, लपवाले?” गयाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. “काल म्हनत होते घोडीच फितूर झाली. परवा माह्यावरच संशय होता, का म्या वर्दीचं बटन इकलं. ते चुलीमागं सापडलं.”

“तुले नाही समजत.”

“हाव बाप्पा. सारं तुमालेच समजते.”

आणि मग त्यानं आपल्या कानांनी ऐकलं. गोठ्याच्या कुडाआड तो घोडीचा तंग आवळत होता. पलीकडे समारू दुसऱ्या गड्याला सांगत होता, “बिहान ले बरदी मोला मिलही. साहब कहे हे.”

उद्यापासून वर्दी मला मिळणार. साहेब बोललेत.

छत्तीसगढी माणूस ‘व’चा ‘ब’ करतो हे केवलरामला ठाऊक होतं. आणखी समजायला काय राहिलं? तो तसाच ऑफिसात गेला आणि श्यामरावांपुढं उभा राहिला. “साहेब, गाई समारू चोरते. माह्या डोळ्यानं पाहिलं.” पाहिलं काहीच नव्हतं, पण शब्द तोंडातून गेला.

श्यामरावांनी चष्मा काढला. “गाईंसकट धरून आण. खरं निघालं तर त्याला आजच काढतो. खोटं निघालं तर तू समजून घे.”

त्या दुपारी केवलरामनं घोडी पलाशाच्या झुडपांआडून चालवली. पुढं समारू झपझप जात होता. मैदान परातीसारखं सपाट होतं. ना झाड, ना भिंत, फक्त मोजणीच्या लाल झेंड्या. आणि त्या झेंड्यांमध्ये हरवलेल्या गाई बसून रवंथ करत होत्या. सावली नाही, चारा नाही, म्हणून केवलराम गाई शोधायला इकडं कधी फिरकलाच नव्हता, आणि त्या मात्र घरच्यासारख्या निवांत. समारूनं पुरचुंडी सोडली आणि एकेकीपुढं हात धरू लागला.

“चोट्ट्या!” केवलरामनं घोडीला टाच मारली.

गाई धडपडत उठल्या आणि डंपरच्या रस्त्याकडे उधळल्या. घोडी त्यांच्या मागं वळली, तिचा पुढचा पाय खुंटीच्या खड्ड्यात गेला, आणि केवलराम तिच्या मानेवरून जमिनीवर आला. खांद्यापासून कोपरापर्यंत वर्दी टरकली. धुळीतून त्याला समारूची हाक ऐकू आली, लांब, ओढलेली, विहिरीतून आल्यासारखी. गाई थबकल्या. रस्त्याच्या अलीकडेच थबकल्या, आणि डंपर धुरळा उडवत पुढून गेला.

समारूनं घोडीचा लगाम धरून आणला. तिचा पाय चाचपून पाहिला, मोडला नव्हता. मग केवलरामकडे पाहिलं. “लागिस का?”

“फाटली, घे आता!” केवलराम बसल्या जागेवरून ओरडला. “हेच पाहिजे होतं ना तुले? माही वर्दी?”

“बरदी?”

“हाव, वर्दी! सांगून राहिला होता ना गड्याले, मले मिळनार म्हनून!” त्यानं फाटकी बाही ओढून दाखवली.

समारू त्या बाहीकडे पाहत राहिला, आणि मग असा हसला की गाईंनी कान टवकारले. “अरे, बरदी माने गरुवा! ये गाय मन! तोर कुरता ल मैं का करहूं? मोर एक हाथ घलो नइ समाही!”

गाईंचा कळप, त्याला हे लोक बरदी म्हणतात. आणि केवलरामच्या कुडत्यात तर त्याचा एक हातही मावणार नव्हता. केवलरामच्या हातावर पुरचुंडीतलं सांडलेलं पांढरं लागलं होतं. त्यानं जिभेला लावून पाहिलं. मीठ. बापाच्या गोणीतलं असायचं तसंच खडं मीठ.

“एहर हमर दइहान आय,” समारू पायाखालच्या जमिनीकडे बोट करून म्हणाला. दइहान म्हणजे गावची गुरं जमायची जागा. त्याचं गाव इथंच होतं. रोज सकाळी साऱ्या गावाची गुरं इथं जमत, इथून तो त्यांना रानात नेई. गाव उठलं, लोकांनी गाई शेठला विकल्या. “गाय मन नइ भुलाय हें.” गाई विसरल्या नाहीत. भोंग्यानं घाबरल्या की त्या आपल्या जागी येतात. सांगितलं असतं तर साहेबानं इथं येणाऱ्या गाई कसायाला दिल्या असत्या, ही त्याची धास्ती.

केवलरामनं हाताचं मीठ वर्दीला पुसलं. बरदी म्हणजे गाई, हे पटलं. पण आतला किडा मेला नाही. कपडा नव्हे, कळपच समारूच्या हाती जाणार, म्हणजे घोडीचं काम संपलंच की! आणि वर आपण साहेबांपुढं खोटं बोललो ते वेगळंच. वर्दी चोरायला कोणी आलं नव्हतं. साहेबांच्या कानावर खोटी वर्दी घालणारा मात्र एकच होता.

दोघं गाई घेऊन ऑफिसापुढं आले. श्यामराव बाहेर आले. त्यांनी फाटकी बाही पाहिली, धुळीनं माखलेली घोडी पाहिली. “धरलास?”

समारूकडे बोट केलं की निभत होतं. त्याची भाषा साहेबांना धड कळत नव्हती. केवलरामनं वरचं पितळी बटन हातानं दाबून धरलं.

“साहेब, म्या खोटं बोललो. चोरी नाही. गाई आपल्या जुन्या गावाले जाते. हा त्याइले वापस आनते.”

श्यामरावांनी त्या बटनाकडे पाहिलं. “मग ठरल्याप्रमाणे कळप याच्याकडे देतो. तू वर्दी उतरव.”

तेव्हा समारू पुढं झाला. हातवारे करत, हिंदी आणि आपली बोली कालवत तो सांगू लागला: हाक मी देईन, पण डंपरच्या आडवी कोण जाईल? पायी माणूस पोचत नाही, आज पोचलो ते नशीब. बरदीच्या पुढं माझा गळा आणि मागं याची घोडी, तर गाय टिकेल. श्यामरावांनी गाईंकडे पाहिलं, कॅम्पाच्या दुधाचा विचार केला असेल, आणि म्हणाले, “बघू. उन्हाळाभर.”

घरी गयाबाईनं बाही शिवली. खाकी कापड मिळेना, म्हणून समारूनं दिलेल्या धोतराच्या तुकड्याचं पांढरं ठिगळ लावलं. “पाहा, चोरानं कपडा देल्ला,” ती म्हणाली.

केवलराम हसला नाही. त्यानं ठिगळ उलटसुलट करून पाहिलं. “एवढा चांगला कावून झाला असन तो?”

दुसऱ्या सकाळी समारू पुढं चालला, हाक देत. मधे गाई. मागं घोडीवर केवलराम, ताठ, आणि नजर गाईंवर नव्हे, समारूच्या कमरेच्या पुरचुंडीवर. थोडं अंतर गेल्यावर समारू थांबला, पुरचुंडी सोडली आणि मिठाचा एक खडा वर घोडीपुढं धरला.

केवलरामनं आधी तो हातात घेतला, चाटून पाहिला, आणि मगच घोडीला दिला.