शोबकच्या धुक्यातली कॉफी

शुक्रवारी पहाटे अम्मानमधून दैफल्लाच्या व्हॅनमध्ये चढणारी मुलं शहरातली शेवटची बेकरी मागे पडेपर्यंत कशीबशी जागी असत. त्यानंतर सगळी गाडी झोपायची. कुणी कोरियाचं, कुणी इटलीचं, कुणी पोलंडचं. आठवडाभर आमच्या अरबीची क्रियापदं घोकून शिणलेली ही पोरं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून, तोंडं उघडी ठेवून ढाराढूर. जगाच्या दुसऱ्या टोकाहून ती वाळवंट बघायला आलेली, आणि वाळवंट सुरू झालं की घोरायला लागायची. दैफल्लाला त्याचं हसू यायचं, राग यायचा नाही.

"माझ्या गाडीत माणसं नसतात, स्वप्नं असतात," तो चहाच्या टपरीवर सांगायचा. "म्हणून तर डिझेल कमी जातं."

"मग भाडंही स्वप्नातच घे," टपरीवाला म्हणायचा.

खरं तर चाक हातात असून तो स्वतःही अर्धामुर्धा स्वप्नातच असे. पूर्वेचं आभाळ आधी राखाडी, मग फिकट जांभळं व्हायचं, दूरचे डोंगर जमिनीपासून सुटून हवेत तरंगल्यासारखे दिसायचे, आणि रस्त्याच्या कडेने आपला बाप शेळ्या घेऊन चाललाय असं त्याला उगाच वाटायचं. बाप कधी मागे वळून बघत नसे. जिवंत असतानाही त्याला ती सवय नव्हती. दैफल्ला वेग कमी करायचा, शेळ्या धुळीत विरून जायच्या, मागच्या सीटवर कुणीतरी झोपेत कूस बदलायचं.

पेट्रा, वादी रम, अकाबा, मृत समुद्र. मुलं बदलायची, सहली त्याच. पेट्राला जाताना शोबक ओलांडलं की जर्दाळूच्या झाडांमागे एक कच्चा रस्ता फुटतो. तिथे आला की दैफल्ला मान ताठ करून असा समोर बघायचा, जणू त्या बाजूला जगच नाही. त्या रस्त्याच्या टोकाला त्याचं जन्मघर होतं. घरात थोरला भाऊ मिफ्लेह होता आणि आई होती, हज्जा फिद्दा.

बाप गेला तो शनिवार होता. दैफल्ला तेव्हा अशाच एका सहलीवर, वादी रमच्या आत, फोन लागत नाही अशा जागी. दुपारीच निघायचं ठरलं होतं, पण पोरांनी गळ घातली, अम्मो, काका, एकच सूर्यास्त बघू. अम्मो विरघळले. आमच्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी मातीआड करतात. कुणासाठी थांबत नाहीत. हा पोचला तेव्हा कबरीवरची माती वाळलीसुद्धा होती. शोकाच्या तंबूत सगळा गाव बसलेला, आणि भर माणसांत मिफ्लेह म्हणाला, "या, या! परदेशी पोरांना दगड दाखवून झाले? आता बापाच्या डोक्याशी रोवलाय तोही बघून घ्या."

शब्द खरा होता, म्हणूनच वर्मी लागला. दैफल्ला हातातली कॉफी न पिता उठला आणि चालता झाला. चार वर्षं झाली त्याला. मध्यस्थ येऊन गेले. धाकटा म्हणे, त्याने बोलावलं तर जाईन. थोरला म्हणे, गेला तो आपल्या पायाने गेला, आपल्या पायाने येईल. दोघेही एकाच आईचं दूध प्यालेले, हटायचं नाव नाही. आईचा आवाज पुतणीच्या फोनवरून कधीमधी कानी यायचा, तोही घाईत. एकदा तिचा हात कपाळाला लावावा, एवढंच दैफल्लाला हवं होतं. पेट्राच्या दर सहलीला तो तिच्या दारावरून जायचा आणि तसाच परत यायचा. हट्ट म्हणा, लाज म्हणा. मी तर मूर्खपणाच म्हणेन.

त्या हिवाळ्यात युनसो नावाची एक कोरियन मुलगी सहलींना यायची. ती एकटीच गाडीत जागी राहायची, पुढे दैफल्लाच्या शेजारी बसून. भाषा पुस्तकातून शिकलेली.

"माननीय अम्मो, आपली प्रभात मंगलमय असो."

"अगं, बोलतेस की बातम्या देतेस?"

"क्षमस्व. माझे उच्चारण सदोष आहे काय?"

"उच्चार झकास आहे गं बाई. इतका झकास, की मला टाय लावून गाडी चालवावीशी वाटते."

ती खळखळून हसायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच बोलायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी पेट्राहून परतताना शोबकवर धुकं उतरलं. साधं नव्हे, पिंजलेल्या कापसात गाडी घातल्यासारखं. मग बर्फ भुरभुरायला लागलं. रस्ता संपला, कडा संपली, आभाळ संपलं. दैफल्ला खिडकी उघडी टाकून चाकाखालच्या खडीचा आवाज ऐकत गाडी हाकत होता. पुढे पोलिसांनी काठी आडवी घातली होती. "रस्ता बंद, हज्जी. वर गाड्या अडकल्यात. सकाळी बघू."

"सकाळपर्यंत पोरं गारठून मरतील!"

"मग कुणाच्या घरी जा. गावात काय माणसं राहत नाहीत?"

माणसं राहत होती, तेच तर दुखणं होतं. दैफल्लाने शेजारी पाहिलं. वळणांनी युनसोच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं होतं, ओठ निळे पडले होते, आणि आज ती एकही शुद्ध वाक्य बोलत नव्हती. त्याने गाडी वळवली. खरं सांगायचं तर ती कुणी वळवली हे त्याला पुढेही नीट सांगता येत नसे. धुक्यातून एकेक जर्दाळूचं झाड पुढे यायचं, ओळख दिल्यासारखं उभं राहायचं, मागे सरायचं. त्याला वाटलं, आपण झोपलोय, आणि आपल्यालाच कुणीतरी घेऊन चाललंय.

दारात मिफ्लेह टॉर्च घेऊन आला. "कोण?"

"पाहुणे," दैफल्ला म्हणाला. नाव सांगितलं नाही. या एका शब्दावर आमच्याकडे कुणाचंही दार लागत नाही.

टॉर्चचा झोत त्याच्या तोंडावर आला, जरा थांबला, मग मुलीकडे सरकला. "पाहुण्यांचं घर आहे. या रे बाळांनो, आत या. अरे, शेगडीत लाकडं घाला कुणीतरी!" धाकट्या भावाला मात्र ना सलाम, ना शब्द.

मुलं गाद्यांवर शेगडीभोवती बसली. दैफल्ला दाराशी, चपलांजवळ टेकला. घर तेच होतं. भिंतीवर बापाची तसबीर नवी होती, आणि आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. पडद्यामागे कुणीतरी खोकलं. तो खोकला त्याने हजार खोकल्यांत ओळखला असता. मधे जेमतेम सात-आठ पावलांची सतरंजी होती, आणि त्याला तिच्यावरून चालता येत नव्हतं.

मिफ्लेहने स्वतः कॉफी केली. डाव्या हातात पितळी किटली, उजव्या हातात इवलासा पेला, घोटभर कडू कॉफी, उजवीकडून एकेकाला. इटालियन पोराने पिऊन डोळे मिटले. "ही कॉफी नाही, काढा आहे," तो पुटपुटला. मग युनसोची पाळी आली. वेलदोड्याचा वास नाकात गेला मात्र, तिच्या पोटात पुन्हा ढवळलं. तिने पेला घेतला, अगदी अदबीने मान लववली, आणि तो तसाच भरलेला समोर जमिनीवर ठेवला.

मिफ्लेहची मुलं उठून नीट बसली. पाहुण्याने कॉफी न पिता पेला खाली ठेवला, म्हणजे तो काही मागायला आलाय. मुलीला मागणी घालायला आलेले असा ठेवतात, खुनाची माफी मागायला आलेले असा ठेवतात. यजमान हो म्हणेपर्यंत तो पेला उचलला जात नाही, आणि नाही म्हणणाऱ्याचं तोंड पुढे गावात कुणी बघत नाही.

मिफ्लेहने किटली खाली ठेवली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "पोरी, कॉफी पी. तुझी काय गरज असेल ती या घरात पुरी होईल. बोल."

युनसोने घाबरून दैफल्लाकडे पाहिलं. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. गावची बोली तिच्या पुस्तकात नव्हती.

आता खरं सांगणं अगदी सोपं होतं. बापडी आजारी आहे, तिला ठाऊक नाही, हसा आणि सोडून द्या. दैफल्लाने त्यासाठी तोंडही उघडलं. पडद्यामागे पुन्हा खोकल्याची उबळ आली.

"ती म्हणते," दैफल्ला म्हणाला, "ज्या घरात म्हातारं माणूस आहे, त्या घरात त्याच्या हाताचा मुका घेतल्याशिवाय कॉफी घशाखाली उतरत नाही. तिला हज्जाला भेटायचंय. आणि... एकटीला बोलता येत नाही, तर बोली समजावायला सोबत कुणीतरी हवं, म्हणते."

मिफ्लेहने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "एवढं सगळं म्हणाली? तिचे ओठ तर हललेसुद्धा नाहीत."

"त्यांची भाषा फार थोडक्यात असते."

घरातल्या एका पोराला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडपलं. मिफ्लेह हसला नाही. त्याने शेगडीत एक लाकूड सारलं. धुकं काचेला टेकून आत बघत होतं.

"पाहुणीला सांग, मान्य आहे," तो शेवटी म्हणाला. "आणि बोली समजावणाऱ्याला सांग, म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. लांबून दिसत नाही तिला. जवळ जावं लागेल."

हे दैफल्लाला कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला, युनसोचा हात धरला. तिला आधार द्यायला धरला, की स्वतःला, कोण जाणे. पडद्यापलीकडे आई गोधडीत बसली होती, होती त्याच्या निम्मी झालेली. तो गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात कपाळाला लावला. म्हातारीची बोटं त्याच्या भुवयांवरून, नाकावरून फिरली आणि कान सापडताच त्यांनी तो पिळला.

"जगभरची माणसं आणतोस होय रे जुने दगड दाखवायला? मी काय कमी जुनी होते? मला बघायला कुणाला आणलं नाहीस!"

"आणलं ना, यम्मा," तो रडतच म्हणाला. "ही बघ, कोरियाहून आणली."

म्हातारीने युनसोचे हात चाचपले. "बर्फ झालीय पोर! मेल्यांनो, हिला कॉफी कसली देता? पोटाला मरमियाच्या पाल्याचा चहा करा!"

युनसोने तिच्या हाताचा मुका घेतला, आणि आपण होऊन, अगदी शुद्ध भाषेत म्हणाली, "माते, आपणांस दीर्घायुष्य लाभो." हज्जा फिद्दा चकित झाली. "अगो बाई, ही तर मशिदीतल्या इमामासारखी बोलते!"

दैफल्ला बाहेर येऊन पुन्हा चपलांजवळ टेकला तेव्हा डोळे पुसायचं भान त्याला नव्हतं. मुलं पेंगुळली होती. जागेवरून मिफ्लेह उठला, किटली घेऊन चपलांपाशी आला आणि त्याने धाकट्याच्या हातात पेला दिला.

दैफल्लाने पेला घेतला. चार वर्षं मनात घोळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर आलं. मला माफ कर. ते मागायचं, तर रीत एकच होती. त्याचा हात हळूहळू जमिनीकडे जाऊ लागला.

मिफ्लेहने खालून त्याचं मनगट पकडलं.

"खाली ठेवू नकोस," तो म्हणाला. "पाहुणे ठेवतात. तू पी."