पांढऱ्या कपड्यातला कँडिडेट

आमच्या झाशीतल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझा चुलत दीर उभा राहिला, तेव्हा मला हसू आलं. गणपतीत तो फक्त शेवटच्या दिवशी यायचा, तेही प्रसादाच्या वेळेला. घरात त्याची मुलं मराठीत हाक मारली तर हिंदीत ओ देतात.

एका दुपारी कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून तो सिविल लाइंसला आमच्या घरी आला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही इंग्लिशच्या टीचर होतात. भाषणाला एक दमदार सुरुवात सांगा ना."

मी म्हटलं, "कँडिडेट हा शब्द लॅटिनमधून आलाय. कँडिडस म्हणजे पांढराशुभ्र. जुन्या रोममध्ये पद मागणारे लोक अंगवस्त्राला खडूची पूड चोळून बाजारात..."

"बस, बस, वहिनी. एवढं पुरे." खडूपाशीच तो उठला.

सभेत मंडळी थोडीच होती. आधी दुसरा उमेदवार बोलला. हा रेल्वेतला गृहस्थ, दर वर्षी मांडव घालणारा आणि मागची भांडीही आवरणारा. अडखळत का होईना, पण मराठीत बोलला. मग आमचे दीर उभे राहिले. "भाइयों और बहनों, कैंडिडेट का मतलब ही होता है बेदाग." टाळ्या पडल्या. माझ्या नवऱ्यानेही वाजवल्या, ते मला जास्त लागलं.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "खरंच का गं?"

"पांढरा, एवढंच. बेदाग त्याने घरून आणलंय," मी म्हटलं.

हात वर करून मतदान झालं आणि तो निवडून आला. त्या वर्षीही मांडव रेल्वेवाल्यांनीच घातला. अध्यक्ष पहिल्या दिवशी फोटोपुरते आले. आरतीनंतर सगळ्यांसमोर मला म्हणाले, "वहिनी, आता प्रेसिडेंटचा पण अर्थ सांगून टाका."

मी खरा तोच सांगितला. "लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुढे बसणारा."

"वा, क्या बात है," तो म्हणाला. आणि खुर्ची उचलून पहिल्या रांगेच्याही पुढे नेऊन बसला. मागच्या बायकांना गणपती दिसेना. त्यांनी उभं राहून दर्शन घेतलं, आणि मी घरी निघून आले.